गंधसरूपासून मोजताना

२ सप्टेंबर १९७५, मंगळवार

आज आलेलं सामान: बरण्यांची झाकणं तीन डझन, डझनाला नव्वद सेंट (गेल्या वर्षी पस्तीस होती, दुकानदार टंचाई म्हणतो, मला वाटतं मागच्या खोलीत रास लावून ठेवली आहे). साखर दहा पौंड, तीन डॉलर दहा. व्हिनेगर एक गॅलन, एक डॉलर वीस. लवंगा, बत्तीस सेंट. ही वही, एकोणसाठ सेंट.

शिवाय न मागवता आलेलं: विद्यापीठाची एक बाई, तिचे सहा विद्यार्थी आणि दोन गाड्या भरून फावडी नि चाळण्या. यांची किंमत अजून कळलेली नाही.

आमचं कुंपण आणि एंगलांचं कुरण यांच्या मधे दोन एकराचा तुकडा आहे, कडेला गंधसरूचं एक जुनं झाड. आजी सांगायची, आपली माणसं तिथं पुरलेली आहेत. चर्च नव्हतं तेव्हापासूनची, दक्षिणेतल्या गुलामीतून पायी पळून आलेली. पण तिथं एक दगड नाही, एक खूण नाही. कागदावर जमीन थॉमसिन एंगल हिची. आता काउंटीला नवा रस्ता काढायचा आहे आणि तो नेमका तिथून जातो. ७ ऑक्टोबरला काउंटी कचेरीत सुनावणी आहे. तिथं थडगी आहेत असं दाखवता आलं तर रस्ता वळेल, नाहीतर आजीच्या आजीवरून मालमोटारी जातील.

विद्यापीठाला पत्र चर्चच्या समितीनं लिहिलं. मी समितीची चिटणीस. विरोधी मत एकच पडलं, ते कुणाचं हे मी कार्यवृत्तात लिहिलं नाही.

बाईचं नाव मिस विनोकर. तिशीची, गोरी, पुरुषी पँट, गुडघ्यांना चिखल. व्हरांड्यात येऊन म्हणाली, "मिसेस ट्रुइट, तुमच्या आजीनं तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "पाहुण्याला आधी पाणी विचारावं, असं सांगितलं होतं. पाणी घेणार?"

घेतलं. दोन पेले.

६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सहाला खिडकीतून पाहिलं, तर थॉमसिन एंगल त्या तुकड्यात. एकटी. हातात लांब दांड्याचा विळा. एक्याऐंशी वर्षांची बाई, डोक्याला पांढरी टोपी, आणि सपासप गवत कापते आहे. खणणारे सोमवारी येणार, आणि ही शनिवारी गवत काढते. काय दिसू नये म्हणून?

मिस्टर ट्रुइट कॉफी पीत होते. त्यांना दाखवलं.

"गवत कापते आहे, केझी."

"ते दिसतंय मला. का कापते आहे?"

"वाढलं म्हणून. दर महिन्याला कापते."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"विळ्याला धार मीच लावून देतो."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. या माणसानं काचेच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीसमोर काढली, तिथली प्रत्येक गोष्ट मला सांगितली. धारेचं मात्र आज कळलं. मी कॉफी पुन्हा विचारली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

टोमॅटो, एकवीस बरण्या. झाकणं संपत आली.

दुपारी थॉमसिन मागच्या दाराशी. हातात झाकणांचे दोन डझन, जुन्या वेष्टनातले.

"तुला लागतील, केझाया ट्रुइट. मी एकटी किती खाणार?"

पैसे दिले तर घेईना. ती जुन्या वळणाची, क्वेकर पंथाची, सगळ्यांनाच तू म्हणते आणि पुऱ्या नावानं हाक मारते. आम्हाला तू म्हणणारे गोरे आयुष्यात कमी भेटले नाहीत, पण ही काउंटीच्या साहेबालाही तू म्हणते, म्हणून सोसते.

रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला तिला मिळणार. सुनावणीला महिना उरला असताना कुणी कुणाला झाकणं फुकट वाटत नाही. मी ती वरच्या फळीवर ठेवून दिली. वापरायची नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार

पीच नासायला लागले. झाकणं वापरली. माणसाच्या मनात काही असेल, त्यात झाकणांचा काय दोष. प्रभू क्षमा करो. चौदा बरण्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज त्या तुकड्यावर गेले. मिस विनोकरनं निरोप पाठवला होता.

त्यांनी खणलं नाही, नुसती जमिनीची वरची साल काढली, सपाट धारेच्या फावड्यांनी, मोहरीच्या पानासारखी पातळ. खाली पिवळी माती. आणि त्या मातीत काळसर, लांबट डाग. माणसाच्या लांबीचे. सगळे पूर्व-पश्चिम. दोन रांगा.

"एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही," ती म्हणाली. "दोनशे वर्षं गेली तरी."

मी मोजले. तेवीस. त्यातले नऊ माझ्या हाताएवढे.

 मग मी विचारलं, "हाडं कुठं नेणार?"

"कुठंही नाही. याच्या खाली आम्ही जाणारच नाही. मापं घेऊ आणि पुन्हा झाकू."

आजीच्या लहानपणी मेडिकल कॉलेजची माणसं पुरलेली प्रेतं न्यायला गाडी घेऊन यायची. त्यांनीही आधी मापंच घेतली होती, असं ती सांगायची. मी हे बोलले नाही. पण तिच्या चाळण्यांजवळच्या कागदी पिशव्या मोजून आले: एकतीस. निळ्या काठाच्या बशीचे तुकडे, बटण, शिंपला. फुटकी बशी आम्ही उकिरड्यावर टाकतो; ही तिला प्रभुभोजनाच्या भाकरीसारखी उचलते आणि तिच्यावर नंबर घालते.

निघताना तिनं आणखी एक दाखवलं. प्रत्येक डागाच्या पश्चिम टोकाला एक लहान खळगा. "इथं दगड उभे होते, मिसेस ट्रुइट. तेवीसच्या तेवीस. कुणीतरी एकाच वेळी उपटलेत."

कुणी, ते मला विचारायची गरज नव्हती. आजी एक गोष्ट म्हणायची, तिचा अर्थ मला कधीच लागला नाही: "एंगलांचं दूध आपल्या दगडांवर गार होतं." मला वाटायचं, कंजूषपणाला टोमणा आहे.

मिस विनोकर म्हणते, गंधसरूपासून क्रमानं कोण पुरलंय याची यादी कुठं लिहिलेली असेल तर सोन्यासारखी. घरी हे सांगितलं तसे मिस्टर ट्रुइट लगेच म्हणाले, "ओडेसाला लिही. बायबलाच्या मधल्या पानावर आहे ती."

आहे. बायबल आजीचं, आणि ते आईच्या दफनाच्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीनं, ओडेसानं, बॅगेत घालून ओहायोला नेलं. न विचारता. अकरा वर्षं झाली. मी सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं होतं आणि त्यानंतर पत्र नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही.

"यादीशिवाय चालेल," मी म्हटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

थॉमसिनकडे जाऊन सरळ विचारलं. "दगड कुणी काढले?"

तिनं मला खुर्ची दिली. स्वतः समोर बसली, हात मांडीवर. आणि गप्प. घड्याळाचा मोठा काटा सहावरून बारावर गेला. मी तिच्या भिंती मोजल्या, तिच्या खिडकीतली मेलेली माशी पाहिली. शेवटी ती म्हणाली, "मला अजून उजेड पडलेला नाही, केझाया ट्रुइट. पडला की मी येईन."

ज्याला सांगायचं असतं त्याला अर्धा तास लागत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

मिस्टर ट्रुइट यांची पहार आणि छिन्नी जागेवर नाहीत. विचारलं तर म्हणाले, "थॉमसिननं मागितली. दूधघराचं काम काढलंय."

वीस वर्षं तिच्याकडे गाय नाही. झऱ्याच्या पाण्यात दूध गार ठेवायचं ते दगडी दूधघर तेव्हापासून बंद. आणि आता सुनावणीच्या तोंडावर तिला पहार हवी! काय पाडते आहे, काय लपवते आहे, प्रभूच जाणे. मी मिस्टर ट्रुइट यांना म्हटलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात ते एकदा सांगून टाका.

"मी हत्यारांच्या बाजूचा," म्हणाले. "ती परत आली की झालं."

२७ सप्टेंबर, शनिवार

चर्चच्या बायकांच्या परिषदेसाठी तीन दिवस कॅम्डनला होते. जाऊन-येऊन बसभाडं चर्चनं दिलं, डबा घरचा.

परत येऊन पाहते तो काय! तुकडा झाकलेला. डाग नाहीत, चाळण्या नाहीत, गाड्या नाहीत. सगळी माती सपाट. आणि तिच्यावर ओकचे नवे खुंट, दोन समांतर रांगा, प्रत्येकाला नारिंगी फीत. हमरस्त्याच्या कडेनं काउंटीच्या माणसांनी गेल्या महिन्यात ठोकले होते ते असेच, त्याच फितीचे. रस्त्याच्या दोन कडा. सुनावणीआधीच आखून मोकळे! थॉमसिननं सही केली, खणणारी बाई पैसे घेऊन पळाली, आणि मी कॅम्डनमध्ये भजनं गात बसले होते.

मिस्टर ट्रुइट खाडीवर खेकडे धरायला गेलेले. घरात कुणी नाही. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. उत्तर सरळ आलं: शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणारा शापित, असं शास्त्रात लिहिलं आहे. हे तर खूण सरकवणाऱ्यांचेच खुंट. मी उठले आणि ॲप्रनमध्ये भरून दोन खेपांत सगळे उपटून आणले.

चांगलं वाळलेलं ओक. वाया कशाला घालवायचं? सफरचंदाच्या मुरंब्याची कढई बाहेर लावलीच होती, तिच्याखाली घातले. मुरंबा झकास झाला. अकरा बरण्या.

२८ सप्टेंबर, रविवार

उपासनेत आज छाती भरून गायले. सिस्टर पर्नेल म्हणाली, काय ग, कॅम्डनचं वारं लागलं की काय.

२९ सप्टेंबर, सोमवार

ते खुंट मिस विनोकरचे होते.

३० सप्टेंबर, मंगळवार

काल पुढं लिहवलं नाही, आज लिहिते.

ती काल सकाळी विद्यापीठाचं मोजणीचं यंत्र घेऊन आली. यंत्र उसनं, सोमवारीच मिळायचं होतं. विद्यार्थ्यांची सुट्टी संपली म्हणून शुक्रवारी तिनं डाग झाकले, आणि प्रत्येक थडग्याच्या डोक्याशी एक खुंट ठोकला, नंबर घालून. फीत तिनं काउंटीची माणसं घेतात त्याच दुकानातून घेतलेली. काल यंत्र लावून प्रत्येक खुंटाची जागा नकाशावर घालायची, एवढंच उरलं होतं. आता तिच्याकडे हातानं काढलेलं एक कच्चं चित्र आहे, मापांशिवाय. पुन्हा साल काढायला तीन आठवडे लागतील. सुनावणीला एकच राहिला.

ती त्या सपाट मातीवर उभी राहून रडली. तरणीताठी, शिकलेली बाई, बाहीनं नाक पुसत. "कोण करेल असं, मिसेस ट्रुइट? तेवीस होते. तेवीसच्या तेवीस."

मी तिला पाणी आणून दिलं.

तिची नजर एंगलांच्या घराकडे गेली. मी ती जाऊ दिली.

१ ऑक्टोबर, बुधवार

प्रार्थनासभेला बातमी माझ्या आधी पोचली होती.

"त्या म्हातारीचंच काम," सिस्टर पर्नेल म्हणाली. "गोड बोलून तू-तू करतात आणि खालून मुळं कापतात."

"एक्याऐंशीव्या वर्षी खुंट उपटते म्हणजे काय खाते कोण जाणे," ब्रदर टोलिव्हर म्हणाला. सगळे हसले.

पाळकांनी विचारलं, "सिस्टर ट्रुइट, तुमच्या खिडकीतून तो तुकडा दिसतो. तुम्ही काही पाहिलंत?"

मी म्हटलं, मी त्या दिवशी मुरंबा करत होते. हे खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे.

घरी आले तर चुलीजवळ मिस्टर ट्रुइट बसले होते. मधे टेबलावर एक बशी. बशीत राखेतून वेचलेले, फिती ठोकायचे खिळे आणि अर्धी जळलेली नारिंगी फीत.

"केझी," ते म्हणाले, "राख मी भोपळ्यांना घालायला नेली होती."

एवढंच. दिवा घेऊन झोपायला गेले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी थॉमसिनकडे गेले. घरात नव्हती. दूधघराकडून ठोकल्याचा आवाज येत होता.

आतली भिंत अर्धी उतरवलेली. जमिनीवर गवताच्या गादीवर दगड मांडून ठेवलेले, अंडी ठेवावीत तसे. सतरा. साधे शेतातले दगड, पण प्रत्येकाची एक बाजू सपाट, आणि त्या बाजूवर ओरखडे. एकावर क्रूस. एकावर नुसत्या तीन रेघा. एकावर एल हे अक्षर, उलटं, शाळा न पाहिलेल्या हातानं कोरलेलं. आजीची आजी लेआ होती.

थॉमसिन उलट्या बादलीवर बसली होती. बोटांची सालं गेलेली, टोपीवर चुना.

"सहा राहिलेत," ती म्हणाली. "तळाशी आहेत. सगळे निघाले की तुझ्याकडे येणार होते. अर्धवट कबुली मला द्यायची नव्हती."

मग तिनं तिच्या पणजोबाची, जॉब एंगलची, शेताची वही पुढं केली. अठराशे सत्तेचाळीस, पाचव्या महिन्याचा बारावा दिवस. लिहिलं होतं: सभेच्या ठरावाप्रमाणे आपल्या दफनभूमीतले सगळे दगड काढले, कारण मेलेल्यांत उच्च-नीच नसावं. काळे शेजारीही आपले बंधूच, म्हणून त्यांच्याकडचे तेवीसही काढून दूधघराला आणले.

"आजीनं मला दाखवली, मी नऊ वर्षांची असताना," थॉमसिन म्हणाली. "त्यानं ते चांगलं काम म्हणून लिहिलंय. तो वाईट माणूस नव्हता, केझाया ट्रुइट. त्यानं फक्त कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात तिथं कुणी नांगर घातला नाही. आधी माझे वडील गवत कापायचे, मग मी. पण तोंड कुणी उघडलं नाही. बाहत्तर वर्षं मी उजेड पडायची वाट पाहते आहे असं स्वतःला सांगितलं. उजेड केव्हाच पडला होता."

मी तिथंच भुईवर बसले. म्हटलं, "मीही कुणाला विचारलं नाही." आणि सगळं सांगितलं: खुंट, कढई, प्रार्थनासभा, पाळकांना दिलेलं उत्तर, तिच्या नावावर जाऊ दिलेली गोष्ट. झाकणांबद्दल काय वाटलं होतं तेही.

ती गप्प. मला वाटलं, आता अर्धा तास.

मग म्हणाली, "जॉबनं निदान जाळले नव्हते."

आणि हसली. खोकला येईपर्यंत हसली. मलाही हसू आलं, आणि मग जे आलं ते हसू नव्हतं. थोड्या वेळानं आम्ही दोघींनी मिळून अठरावा दगड काढला.

संध्याकाळी मिस विनोकरला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, "मी शनिवारी येते, दगडांची चित्रं काढायला." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

५ ऑक्टोबर, रविवार

उपासना संपल्यावर उभी राहून मंडळीसमोर कबूल केलं. सिस्टर पर्नेल माझ्याकडे न बघता निघून गेली. ब्रदर टोलिव्हर म्हणाला, "तरीच तो मुरंबा एवढा खमंग लागला."

७ ऑक्टोबर, मंगळवार

सुनावणी. थॉमसिन शपथ घेत नाही. त्यांच्यात फक्त खरं सांगते म्हणतात आणि सांगतात. अध्यक्षांना म्हणाली, "तू विचार, मी सांगते." कारकून खाली मान घालून हसला. तिनं वही वाचून दाखवली. मोबदला नको, जमीन आमच्या चर्चच्या नावे करायची, असंही तिथंच सांगितलं. मला आधी बोललीसुद्धा नव्हती.

काउंटीचा वकील म्हणाला, "दगड कुठूनही येऊ शकतात. वहीत तेवीस लिहिलंय, बाईंच्या चित्रात तेवीस डाग आहेत, हा योगायोग असू शकतो. थडग्यांच्या जागा दाखवणारे खुंट कुठं आहेत?"

मी उभी राहिले. "ते मी जाळले," म्हटलं. "माझं नाव केझाया ट्रुइट. लिहून घ्या, स्पेलिंग सांगते."

कुणी हसलं नाही.

अध्यक्षांनी तीस दिवस दिले. ६ नोव्हेंबरपर्यंत दगड त्याच जमिनीतले हे दाखवायचं, नाहीतर रस्ता आखला तसा. बाहेर पायऱ्यांवर मिस विनोकर म्हणाली, डागांचा क्रम आणि कोणता लहान, कोणता मोठा, एवढं तिच्या कच्च्या चित्रात आहे. दगडांवर खुणा आहेत. यादी मिळाली आणि तिन्ही जुळली, तर कुणी योगायोग म्हणू शकणार नाही.

मिस्टर ट्रुइट यांनी वाटेत गाडी टपालकचेरीपाशी थांबवली. आत जाऊन दहा सेंटची दोन तिकिटं घेऊन आले, माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी चालू केली.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाठवलेल्या पत्राची नक्कल.

प्रिय ओडेसा,

अक्षर ओळखलं असशील. पत्र फाडू नकोस, आधी वाच.

लेआ आजीचा दगड सापडला. एंगलांच्या दूधघराच्या भिंतीत होता, बाकीच्या बावीसांबरोबर. एंगलांच्या दुधाबद्दल आजी म्हणायची ते खरं होतं. आपण दोघी त्यावर हसायचो, आठवतं? तो माझ्या हातात आला तेव्हा पहिलं मनात आलं की हे तुला सांगायला हवं. मग आठवलं की मी तुझ्याशी बोलत नाही.

तो तुकडा वाचवायचा तर बायबलातल्या मधल्या पानाची यादी लागेल. थडगी दाखवायचं दुसरं साधन होतं, ते माझ्या हातून गेलं. कसं गेलं ते मोठं लाजिरवाणं आहे. तू हसशील, आणि हसावंसच.

बायबल तुझ्याकडेच राहू दे. अजूनही मला वाटतं की तू विचारून न्यायला हवं होतंस. पण इथं राहिलं असतं तर एकाहत्तर साली तळघरात पाणी भरलं त्यात गेलंच असतं, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि मी कळवलं नाही. आईच्या शवपेटीशेजारी मी तुला जो शब्द बोलले, तो मी परत घेते. मंडळीसमोर बोलले होते, मंडळीसमोरच परत घेईन; तू आलीस तर तुझ्या देखत.

पान फाडू नकोस. जसं आहे तसं उतरवून काढ, गंधसरूपासून क्रमानं, नावं असतील तिथं नावं, नुसतं "मूल" लिहिलं असेल तिथं "मूल". एकही गाळू नकोस. तेवीस भरली पाहिजेत. लेआ तिसरी की चौथी, हे मला आठवत नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

सोबत पत्ता घातलेलं पाकीट आहे, तिकीट लावलेलं. ६ नोव्हेंबरच्या आत यायला हवं. ओडेसा, उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
केझाया